अण्णांचा नंबर कोणत्या नावाने सेव्ह आहे?

मंडळी, आयटीत नोकरी लागली की घरच्यांच्या दृष्टीने आपण एकदम सगळ्याच गोष्टींतले तज्ज्ञ होतो. प्रिंटर अडकला, टीव्हीवर चॅनेल दिसेना, मावशीच्या फोनमधले फोटो उडाले... फोन आपल्यालाच. आणि घरचं दुकान असेल तर मग विचारूच नका! "एवढा शिकलास, आपल्या दुकानासाठी काहीतरी कर की," हे वाक्य तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ऐकलेलं असणार. मीही ऐकलं आणि केलं. त्यात थोडं जमलं, थोडी फजिती झाली, आणि एक गोष्ट अशी घडली की ती लिहायला मला बरेच दिवस लागले.

आमचं गाव मोडनिंब. पुण्याहून सोलापूरला जाताना टेंभुर्णी मागे टाकलं की लागतं. माढा तालुका, ऊस-डाळिंबाचा भाग. कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेवर स्टेशनही आहे. तिथे अण्णांचं (म्हणजे माझ्या वडिलांचं) खता-औषधांचं दुकान आहे, पंचवीस वर्षांपासून. मी शुक्रवारी रात्री हिंजवडीतून निघतो आणि शनिवारी सकाळी काउंटरवर बसतो. निदान महिन्यातून दोनदा तरी.

२०२३ च्या सुरुवातीला मी दुकानासाठी चक्क एक अ‍ॅप लिहिलं. तीन महिन्यांचे वीकेंड घातले. खतांची यादी, फोटो, ऑर्डरचं बटण, मराठी मेनू, सगळं होतं. काउंटरवर क्यूआर कोड चिकटवला. महिनाभरात अ‍ॅप किती जणांनी घेतलं? अकरा! त्यातले चार आमच्याच घरचे, आणि एक मी स्वतः टेस्टिंगसाठी.

का घेतलं नाही, ते एका काकांनी फोनच पुढे करून दाखवलं. मेमरी फुल. सकाळच्या शुभेच्छांचे फुलांचे फोटो, नातवाचे व्हिडिओ, कीर्तनं. "ह्यातलं काय काढू सांग," म्हणाले. मी काय सांगणार? वर्षातून चार वेळा खत घेणारा माणूस त्यासाठी कीर्तन का काढेल? तर पहिला धडा हा : छोट्या व्यवसायाने स्वतःचं अ‍ॅप काढायच्या फंदात पडू नये. गिऱ्हाईक रोज जे उघडतं, तिथे आपण जावं.

खरं तर अण्णांना हे माझ्याआधी ठाऊक होतं. २००७ मध्ये 'रॉयटर्स मार्केट लाइट' नावाची एसएमएस सेवा महाराष्ट्रात सुरू झाली होती. बाजारभाव, हवामान, पिकांची माहिती, सगळं मराठीत आणि साध्या फोनवर. अण्णांनी ती घेतली होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. संध्याकाळी चार-पाच शेतकरी काउंटरला टेकून उभे असायचे आणि अण्णा डाळिंबाचे भाव मोठ्याने वाचून दाखवायचे. ऐकायला आलेला माणूस जाताना एखादं पोतं घेऊन जायचाच असं नाही. पण पोतं घ्यायचं झालं की इथेच यायचा. मार्केटिंग म्हणजे काय, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही, ते तिथे चाललं होतं.

मग मिस्ड कॉलचा जमाना आला. शेतातून एक रिंग द्यायची, अण्णा परत फोन करणार. आपल्याला ती काटकसर वाटायची, पण बंगळुरूच्या 'झिपडायल' कंपनीने २०१० पासून त्याचाच व्यवसाय केला आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती कंपनी विकत घेतली! सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट बांधावर पोचलं. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं. २०१८ पासून अनुदानित खतासाठी देशभर पॉस मशीनवर अंगठा लागायला लागला. तेव्हा गावाकडच्या दुकानदाराला टेक्नॉलॉजी कळत नाही, हा समज आधी डोक्यातून काढा. अण्णांना कळत होतं. मलाच दुकान कळत नव्हतं.

असो. अ‍ॅप गुंडाळून मी तीन साध्या गोष्टी केल्या. कुणाच्या घरी दुकान असेल तर उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

एक, गूगलवर व्यवसायाचं प्रोफाइल. फुकट आहे. नकाशावरची खूण नीट ठेवायची, दुकानाची वेळ टाकायची, पाटीचा फोटो लावायचा. पंढरपूरकडून येणारा माणूस आता "चौकात आल्यावर फोन करतो" म्हणत नाही, थेट दारात येतो.

दोन, यूपीआयचा क्यूआर कोड आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा स्पीकर. हे आता चहाच्या टपरीवरही आहे, जास्त लिहीत नाही.

तीन, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. हे जानेवारी २०१८ मध्ये आलं. मालाची यादी ठेवता येते, ठरलेली उत्तरं साठवता येतात, ग्राहकांना लेबलं लावता येतात. इथे मी एक मोठी चूक केली. 'प्रोफेशनल' दिसावं म्हणून दुकानासाठी नवीन सिम घेतलं. जवळजवळ सहाशे ग्राहकांचे नंबर भरले, याद्या केल्या आणि ब्रॉडकास्ट पाठवला. पोचला किती जणांना? सदतीस. मला वाटलं बग आहे :) बग नव्हता. समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला असेल तरच ब्रॉडकास्ट त्याला पोचतो. अण्णांचा नंबर गावोगावच्या फोनमध्ये पंचवीस वर्षांत जाऊन बसला होता. माझा नवीन नंबर कुणाच्याच ओळखीचा नव्हता. जुन्याच नंबरवर बिझनेस अ‍ॅप चालवता येतं, हे मी आधी बघायला हवं होतं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. आता ती गोष्ट.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी अण्णांची उधारीची वही एका अ‍ॅपमध्ये उतरवली. अशी अ‍ॅपं बरीच आहेत आणि ती वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. त्यात ग्राहकाला आपोआप आठवण पाठवायची सोय असते. मुदत किती दिवस, असा एक रकाना होता. त्यात आधीपासून ३० भरलेलं होतं, ते मी तसंच ठेवलं. मजकूरही तयार मिळाला तोच घेतला. आठवण रविवारी येईल अशी, सकाळी अकराला. रविवारी सकाळी लोक निवांत मेसेज वाचतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी अरणच्या एका तात्यांच्या घरी मुलीचा साखरपुडा होता. (अरण म्हणजे संत सावता माळींचं गाव, आमच्या शेजारचंच.) फोटो तात्यांच्या फोनवर काढले होते आणि तो फोन नवीन व्याह्यांच्या हातात होता. अकरा वाजले. फोटोवर वरून पट्टी उतरली : "आपली थकबाकी रु. ४८,६०० आहे. त्वरित भरावी."

व्याही काही बोलले नाहीत, फोन परत दिला. तात्याही काही बोलले नाहीत. ते फक्त दुकानात यायचे बंद झाले. मार्चमध्ये कुणाकडून तरी अण्णांच्या कानावर आलं. अण्णा माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "आरं, त्यांचा ऊस आडसाली हाय. तुझ्या मशिनीला कुणी सांगितलं न्हाई का?"

आता हे 'आडसाली' काय, ते पुण्यात वाढलेल्यांसाठी. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि सोळा ते अठरा महिन्यांनी तोडतात. तात्यांनी २०२२ च्या पावसाळ्यात खत नेलं होतं. ऊस कारखान्याला गेला जानेवारी २०२४ मध्ये. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, पण तात्यांचं बिल अजून आलेलं नव्हतं. म्हणजे अण्णांच्या हिशेबाने तात्या थकलेलेच नव्हते! वहीत तारीख लिहिलेली नव्हती, कारण ती अण्णांच्या डोक्यात होती. मी वहीतल्या रकमा उतरवल्या, मुदत मात्र माझ्या पगाराच्या कॅलेंडरची लावली. तीस दिवस. क्रेडिट कार्डवाला विचार.

पुढच्या रविवारी मी आणि अण्णा अरणला गेलो. तात्यांनी चहा दिला, ऊन-पाण्याच्या गोष्टी केल्या. शेवटी मीच विषय काढला आणि माफी मागितली. तात्यांनी फोन काढला. अण्णांचा नंबर 'आण्णा मोडनिंब' नावाने सेव्ह होता. "ह्यो बघ. ह्याच्यावरनं तुझ्या बापानं मला कधी चारचौघांत पैसं मागितलं न्हाईत. मग त्यो मेसेज कुणाचा? मला वाटलं अण्णानं दुकान दुसऱ्याला चालवाय दिलं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका अर्थाने तेच झालं होतं.

त्यानंतर आम्ही काय बदललं? आपोआप जाणाऱ्या आठवणी पूर्ण बंद. हिशेब अ‍ॅपमध्येच आहे, पण मुदतीच्या रकान्यात प्रत्येकाची पिकाची तारीख आहे आणि पैशाचा विषय अण्णा फोनवर, स्वतःच्या आवाजात काढतात. दुकान पुन्हा अण्णांच्या जुन्या नंबरवर आणलं. लेबलं त्यांना विचारून केली : मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार, आडसाली, सुरू. (डाळिंबाचा बहार कधी धरला त्यावर औषधं आणि वेळा ठरतात. पावसाळ्यात तेल्या रोग बळावतो म्हणून आमच्या ग्राहकांतले बरेच जण हस्त बहार धरतात.) ज्याला आपण 'कस्टमर सेगमेंटेशन' म्हणून मीटिंगमध्ये मिरवतो, ते अण्णांनी अर्ध्या तासात तोंडी सांगितलं. मेसेज आता महिन्याला दोन, ज्याच्या बहाराचा असेल त्यालाच. जाहिरात नाही, या आठवड्यात बागेत काय बघायचं एवढंच. लोक उलट फोटो पाठवून विचारतात, "हे पान असं का झालं?" मग फोन होतो, मग कधी विक्री.

मोठ्या जगातला ट्रेंडही तिकडेच चाललाय, हे मला नंतर लक्षात आलं. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याला आपलं नाव आणि मजकूर आधी नोंदवावा लागतो, २०२१ पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला, त्याच्या मुळाशी संमती आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या व्यवसायांसाठीच्या सेवेत १ जुलै २०२५ पासून जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजला आकार पडतो. ग्राहकाने स्वतः विचारलं आणि चोवीस तासांत तुम्ही साधं उत्तर दिलंत, तर मात्र फुकट. म्हणजे न विचारता बोललात तर पैसे, विचारल्यावर बोललात तर नाही. अण्णा हे बिनपैशाचं पाळत आलेत.

आता सगळीकडे एआय चॅटबॉटची हवा आहे. आमच्या ऑफिसातही तेच चाललंय आणि मीही त्यातलंच काम करतो. वाईट नाही. पण कोणताही रकाना आधीपासून भरलेला दिसला की मी आता थांबतो. हा आकडा कुणाच्या आयुष्यातून आलाय, माझ्या की समोरच्याच्या?

तात्या मे महिन्यात आले. उसाचं बिल जमा झालं होतं. काउंटरवर मी बसलो होतो. "अण्णा कुठंय?" म्हणाले. अण्णा जेवायला गेले होते. तात्या बाकावर बसून राहिले, पाऊण तास. अण्णा आल्यावर पैसे त्यांच्या हातात मोजून दिले. जाताना मला म्हणाले, "तुझा नंबर दे रं. डाळिंबाचं इचारायचं असलं तर." मी दिला. कोणत्या नावाने सेव्ह केला, ते मात्र दिसलं नाही.

तर मंडळी, या वीकेंडला घरच्या दुकानावर गेलात तर नवीन अ‍ॅप डाउनलोड करण्याआधी एक काम करा. दहा गिऱ्हाइकांना विचारा, आमचा नंबर तुमच्याकडे कोणत्या नावाने आहे? काय उत्तरं येतात ते मलाही कळवा.