‘होतंय की’ म्हणायच्या आधी

गेल्या हिवाळ्यात आई-आण्णांना घेऊन सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर जाऊन आलो. फोटो तेव्हाच टाकले होते. बऱ्याच जणांनी विचारलं, की बंदरावर उतरल्यावर फिरायचं कसं, जहाजाचीच सहल घ्यायची का आपली गाडी ठरवायची? उत्तर लिहितो लिहितो म्हणून राहून गेलं. परवा दुकानात एक प्रसंग घडला आणि म्हटलं, आता लिहूनच टाकू. थोडं लांबेल, पण शेवटी विषय आपल्या कोल्हापूरवरच येतो.

आधी क्रूझचं सांगतो. जहाज सकाळी बंदरात लागतं आणि संध्याकाळी सुटतं. जहाजवाले स्वतःच्या बससहली विकतात, दर माणशी आणि डॉलरमध्ये. आम्ही चौघं होतो. आण्णांचा गुडघा दुखतो, आईला दर दीड तासाला बसायला लागतं. चाळीस माणसांच्या बसमागं पळणं दोघांनाही झेपणारं नव्हतं. म्हणून पेनांग आणि फुकेत, दोन्हीकडं मी इथूनच खासगी गाडी ठरवली. चौघांचा खर्च निम्म्यावर आला. मी लई खूश होतो.

पण यातला एक फरक नीट समजून घ्या. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढची सोय ते लोक करतात. तुमची स्वतःची गाडी अडकली तर जहाज निघून जातं. मग पुढचं बंदर तुमच्या खर्चानं गाठायचं. आमचे पासपोर्टही जहाजावर जमा होते, म्हणजे खिशात फक्त झेरॉक्स.

दुसरी गोष्ट बंदराच्या नावाची. कार्यक्रमात ‘क्वालालंपूर’ लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं पोर्ट क्लांगला. तिथून शहर तासाभराच्या पुढं. ‘बँकॉक’ म्हणतात, पण उतरायचं लेम चाबांगला. तिथून साधारण दोन तास. पेनांगला मात्र स्वेटनहॅम पिअर जॉर्जटाउनला चिकटूनच आहे, गेटातून बाहेर पडलं की शहर. त्यामुळं कागदावरचे नऊ तास आपले नसतात. उतरायला तास धरा, परतीला दीड तास हातचा राखा, उरेल तेवढाच वेळ आपला.

पेनांगला आमचा चालक तमिळ, पन्नाशीचा. पेनांग हिलवर जायचं आधीच ठरलं होतं. तिथं १९२३ पासून डोंगरावर चढणारी रेल्वे आहे आणि आईनं तिचा व्हिडिओ बघून ठेवला होता. गाडीत बसल्या बसल्या तो म्हणाला, “अम्मा, आज सुट्टी आहे. वर जायला रांग, खाली यायला परत रांग. जाऊन याल, पण जहाजाचं मी सांगू शकत नाही.” लांबची फेरी म्हणजे त्याचे पैसे जास्त होते, ते त्यानं सोडले. १८३३ सालच्या महामारियम्मन देवळात घेऊन गेला. “दुपारी बंद होतं, आधी इथं,” म्हणाला. मग लिटिल इंडियात इडली खाऊ घातली आणि घड्याळाच्या मनोऱ्याजवळ सावलीत बसवलं. आई थोडी हिरमुसली. पण दोन तास आधी जहाजावर पोचलो आणि आण्णांना दुपारची झोप मिळाली. पैसे ठरले होते तेवढेच, तेही शेवटी घेतले.

फुकेतला मात्र घोळ झाला आणि तो पूर्ण माझा. तिथं जहाज पाटाँगच्या समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटीनं किनाऱ्यावर सोडतात. परतीची शेवटची बोट चारला. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागं आहे. जहाजानं सिंगापूरची वेळ बदलली नव्हती, पण किनाऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या माझ्या मोबाइलनं आपली आपण बदलली. माझ्या ध्यानातच आलं नाही.

वाट चलाँगच्या देवळात आम्ही निवांत फिरत होतो. आण्णा मनगटावरचं जुनं एचएमटी बघून म्हणाले, “पावणेतीन झाले की रे.”

मी म्हटलं, “आण्णा, पावणेदोन. तुमचं घड्याळ पुढं पळतंय.”

“पळत नाही ते. काल जहाजावर सांगितलं तसं लावलंय मी.”

मी ऐकायला तयार नाही. मोबाइल चुकतो का कधी? शेवटी बायकोनं पर्समधून जहाजाचा रोजचा कागद काढला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, घड्याळं बदलू नका, सगळ्या वेळा जहाजाच्या. मला घाम फुटला. तीनला निघालो. पाटाँगच्या घाटात गाड्यांची रांग. आण्णा पुढं बसून गप्प, आई अंबाबाईचं नाव घेत होती. तीन अठ्ठेचाळीसला धक्क्यावर आलो. आण्णांना मी अक्षरशः धरून चालवत नेलं. बोटीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, “मला सत्तरीनंतर कुणी ऐकत नाही.” ते वाक्य मला अजून टोचतं.

तर क्रूझला जाणाऱ्यांनी एवढं करा. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. गाडीचं ठरलेलं सगळं, म्हणजे ठिकाणं, तास, पैसे, मेसेजवर लिहून घ्या आणि पैसे शेवटी द्या. रोजच्या कागदावर त्या बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि दोन ठिकाणं बघायची असतील तर एकच ठरवा.

आता कोल्हापूर. माझं दुकान शाहूपुरीत, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. सकाळच्या गाडीनं उतरलेली मंडळी पाण्याची बाटली घ्यायला येतात आणि विचारतात, “दादा, अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा करून रात्रीची महालक्ष्मी मिळेल का?” मी गेली कित्येक वर्षं एकच उत्तर देत आलोय, “होतंय की! निवांत होतंय!” त्यात फसवायचा हेतू नाही. आपली ती बोलायची रीतच आहे. पाहुण्याला नाही म्हणायचं आपल्या जिवावर येतं.

परवा संध्याकाळी विदर्भातलं एक कुटुंब दुकानाच्या पायरीवर येऊन टेकलं. आजी, सून, दोन पोरं. सकाळी मीच त्यांना ‘होतंय की’ म्हटलं होतं. रविवार होता. जोतिबाला गर्दी, पन्हाळ्याच्या वाटेवर गाड्या, परत येईपर्यंत अंधार. अंबाबाईच्या रांगेत उभं राहिले असते तर गाडी चुकली असती, म्हणून बाहेरून कळसाला हात जोडून स्टेशनवर आले. आजी म्हणाल्या, “एवढ्या लांबून आलो, आईचं तोंड तेवढं राहिलं बघायचं.” तक्रार नव्हती, नुसतं सांगत होत्या. मला पेनांगचा तो चालक आठवला. परक्या देशात, परक्या माणसांना त्यानं स्वतःचं नुकसान सोसून खरं सांगितलं. आणि मी माझ्या गावात, माझ्या देवीच्या दारात काय सांगितलं?

बंदर म्हणजे समुद्रच हवा असं नाही. कोल्हापूर हे सहा-आठ तासांच्या पाहुण्याचं बंदरच आहे. सकाळी उतरायचं, रात्री निघायचं, आणि गाडी कुणासाठी थांबत नाही. २०२५ मध्ये पन्हाळा मराठा किल्ल्यांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेला. जॉर्जटाउन २००८ पासून त्याच यादीत आहे. म्हणजे येणारे वाढणार. जाहिरात, कमानी, सेल्फी पॉइंट होतील. पण पाहुण्याला लागतं ते वेगळं.

माझ्या मते तीन गोष्टी हव्यात. स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक आणि बिंदू चौकातलं पार्किंग, या तिन्ही जागी आत्ता दर्शनाला किती वेळ लागतोय त्याचा मोठा फलक, दर तासाला बदलणारा. त्याच्याच शेजारी जोतिबा-पन्हाळा फेरीचे दर आणि खरे लागणारे तास, रविवारचे वेगळे. आणि पिशव्या ठेवायला जागा व बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, नजरेला पडेल असं. याला शेकडो कोटींचा आराखडा लागत नाही. रिक्षावाल्यांचंही ऐकायला पाहिजे. आपले बहुतेक रिक्षावाले सरळ आहेत, पण दर आणि वेळ लिहिलेली नसली की चार जणांमुळं सगळ्यांचं नाव खराब होतं. फलक झाला तर त्यांचीच रोजची हुज्जत वाचेल.

महापालिका आणि देवस्थान समितीकडं हे लेखी द्यायचं ठरवलंय. सोबत सही करणार असाल तर दुकानावर या.

तोवर माझ्यापुरतं मी सुरू केलंय. काल सोलापूरचं एक जोडपं आलं, सोबत म्हातारे वडील. तोच प्रश्न. जीभ सवयीनं ‘होतं’पर्यंत गेली होती, आवरली. म्हटलं, “आज पन्हाळा नको. आधी रांगेत लागा, आईचं दर्शन घ्या, मग जेवा आणि संध्याकाळी रंकाळ्यावर बाबांना बसवा. गड पुढच्या वेळी.” मुलाचं तोंड जरा उतरलं. वडील मात्र माझ्याकडं बघून म्हणाले, “बरं झालं कुणीतरी सांगितलं. मी सकाळपासून तेच म्हणतोय.”

घरी येऊन आण्णांना सांगितलं. ते हसले आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली दिली.