कनेक्शन

लिंक्डइनवर माझी ८१२ कनेक्शन्स आहेत. मार्चमध्ये नोकरी गेली तेव्हा त्यातल्या चाळीसेक जणांना एकच मेसेज चिकटवला, फक्त नाव बदलून. उत्तरं आली सहा. सगळी 'नक्की कळवतो' छापाची.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच लिहून ठेवलंय की नोकरीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. (मित्र आपल्याच कंपूतले, त्यांना आपल्याइतकंच ठाऊक!) पटलं. म्हणून हिंजवडीच्या जुन्या टीममधल्या एका सीनियरला फोन लावला. चार वर्षांनी. रेफरल मागायच्या आधी सवयीने विचारलं, "काका कसे आहेत रे?"

"बाबा गेले रे. दोन वर्षं झाली."

याच दोन वर्षांत त्याच्या वर्क अ‍ॅनिव्हर्सरीला मी दोनदा 'काँग्रॅट्स' पाठवलं होतं. तयार बटण होतं, दाबलं...

रेफरलचं बोललोच नाही. तासभर काकांबद्दलच बोललो. रात्रीचं रिलीज असलं की ते आमच्या सगळ्या टीमसाठी स्वतः थालीपीठं लावून द्यायचे. फोन ठेवताना तोच म्हणाला, "सीव्ही पाठव." अजून पाठवलेला नाही. शनिवारी त्याच्या घरी जातोय, तेव्हा बघू.