नऊ नोव्हेंबर

जर्मनीचं नागरिकत्व हवं असेल तर एका परीक्षेला बसावं लागतं. ३३ प्रश्न, तासाभराचा वेळ, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. १७ उत्तरं बरोबर आली की पास. माझी भाची ब्रेमेनला असते आणि या परीक्षेची उजळणी माझ्याकडून करून घेते. मी औंधला राहते, ब्रेमेन चौकापासून हाकेच्या अंतरावर. रात्री साडेदहाला, खालची रहदारी विरळ होत आलेली असताना मी मोबाइलच्या निळसर उजेडात प्रश्न वाचते. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा. नोव्हेंबरचा अंधार तिच्या काचेवर माझ्याआधीच येऊन बसलेला असतो.

“बर्लिनची भिंत कधी बांधली?”

“१९६१. पुढचा विचार, मावशी.”

“पूर्व जर्मनीतला उठाव?”

“१७ जून १९५३.”

उत्तरं झरझर येतात. मग विली ब्रांटचा प्रश्न येतो, आणि माझंच वाचन थबकतं. १९७० चा डिसेंबर, वॉर्सा, ज्यूंच्या कोंडवाड्यातल्या उठावाचं स्मारक. पश्चिम जर्मनीचा चॅन्सलर पुष्पचक्राच्या फिती सारख्या करतो, एक पाऊल मागे येतो आणि काळ्या ओव्हरकोटासकट ओल्या दगडावर गुडघे टेकतो. त्याने यातून काय व्यक्त केलं, असं परीक्षा विचारते. भाची बरोबर सांगते: क्षमा मागितली. पण हा माणूस तर नाझींपासून जीव वाचवत १९३३ मध्येच नॉर्वेला गेलेला, त्यांच्याविरुद्ध लढलेला. त्याच्या स्वतःच्या माथी त्यातलं काहीच नव्हतं, आणि तरी जे गुडघ्यांवर यायला हवे होते पण आले नाहीत, त्यांच्या वतीने तो त्या थंडगार फरशीवर हात जुळवून, मान खाली घालून गप्प राहिला.

हे कोणत्या पर्यायात बसवायचं?

या इतिहासात एक तारीख पुन्हा पुन्हा दार ठोठावते. ९ नोव्हेंबर. १९१८ मध्ये त्या दिवशी बर्लिनच्या राइशटागच्या खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १९२३ मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर हिटलरचा उठाव मोडला. १९३८ मध्ये सिनेगॉग पेटली, ज्यूंच्या दुकानांच्या काचांचा खच पडला. आणि १९८९ मध्ये त्याच तारखेच्या रात्री भिंत उघडली, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. एकाच तारखेत इतका हर्ष आणि इतकी राख. म्हणून त्या देशाने राष्ट्रीय दिवस ३ ऑक्टोबरला ठेवला, नऊ नोव्हेंबरला नाही. हा निर्णय मला फार सभ्य वाटतो.

नऊ नोव्हेंबरला तिकडची माणसं फुटपाथवर गुडघे टेकून बसतात. नाझींनी ज्यांना घरातून ओढून नेलं, त्यांच्या दारासमोर तळहाताएवढ्या पितळी फरशा बसवल्या आहेत, वर नाव, जन्मसाल आणि कुठे मारलं ते. भाचीने व्हिडिओवर दाखवलं: एक म्हातारी बाई, गुडघ्याखाली वर्तमानपत्राची घडी, फडक्याने एकेक अक्षर घासत होती, सणाच्या आदल्या दिवशी देवघरातली समई घासावी तशी.

नऊ नोव्हेंबर पुण्याचाही आहे. १९६२ मध्ये याच दिवशी महर्षी कर्वे गेले, १०४ वर्षांचे होऊन. त्यांची सून इरावतीबाई. आपण त्यांना ‘युगान्त’मधून ओळखतो, पण १९२० चं दशक सरताना, तरुण वयात, त्या बर्लिनच्या दाहलेम भागात, कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली माणसांच्या कवट्या मोजत होत्या. युरोपीयांच्या कवटीची एक बाजू अधिक वाढलेली असते, इतर वंशांची तशी नसते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व आहे, असा फिशर यांचा कयास. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्या थंड खोलीत, परक्या भाषेत, कुणाकुणाच्या वसाहतींतून उचलून आणलेल्या नावगाव नसलेल्या मस्तकांवर हात ठेवताना त्यांच्या मनात काय उमटलं असेल, ही कल्पना मला रात्री जागं ठेवते. प्राध्यापकांना हवं ते उत्तर समोर तयार होतं.

त्यांनी ते लिहिलं नाही.

वंशावरून कवटीत असा भेद दिसत नाही, असं त्यांनी प्रबंधात मांडलं आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. तीन वर्षांत हिटलर सत्तेवर आला. पुढे आउश्वित्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेलेने माणसांचे अवयव पाठवले ते याच संस्थेकडे.

भाचीला आता निळा पासपोर्ट परत करावा लागेल. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. हे बोलताना तिचा आवाज बसतो, मीही विषय बदलते. पण आपली लाज प्रश्नपत्रिकेत छापून, आत येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ती वाचायला लावणाऱ्या देशाची ती नागरिक होते आहे, याचं मला समाधान आहे.

पुण्यातून दरवर्षी कितीतरी मुलं जर्मनीला जातात. त्यांना एवढंच सांगायचं आहे: बर्लिनला गेलात तर दाहलेमला उतरा, इनेश्ट्रासे २२ शोधा. कैसर विल्हेल्म संस्थेची ती इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे, भिंतीवर स्मृतिफलक आहे. तो पूर्ण वाचा, आणि सोबत कुणी असेल तर त्यांना इरावतीबाईंबद्दल सांगा.