ताठ गाडी आणि सुरक्षित गाडी

आमच्याकडे सध्या सायलेन्सरवर कारवाई जोरात आहे. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवतात, फोटो निघतात, आम्ही छापतो. कारवाई चांगलीच आहे, रात्री बारा वाजता गल्लीत फटाके वाजवत जाणाऱ्यांचं कौतुक कुणालाच नाही. पण कानाला ऐकू येतो तेवढाच बदल आपल्याला बदल वाटतो. बॉनेटखाली काय चाललंय यावर कुणी बोलत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आमच्या भागातल्या पोरांमध्ये गेल्या काही वर्षांत जुनी पोलो जीटी टीएसआय घ्यायचं खूळ आहे. २०२२ मध्ये पोलोचं उत्पादन इथे थांबलं, तेव्हापासून तर जास्तच. आणि गाडी घेतली की पहिल्या दोन-तीन कामांत एक काम ठरलेलं, स्ट्रट बार. इंजिनाच्या वरून आडवी जाणारी, दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनच्या डोक्यांना जोडणारी एक दांडी. लाल नाहीतर निळा रंग. बॉनेट उघडलं की ती दिसावी म्हणून मग बॉनेटही जरा जास्तच उघडलं जातं, हा भाग वेगळा.

आता ही दांडी करते काय? आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्याचं वरचं टोक बॉडीच्या पत्र्यात बसवलेलं असतं. गाडी जोरात वळली की बाहेरच्या चाकावर भार येतो आणि त्यातला काही भाग या टोकातून पत्र्यात जातो. पत्रा किंचित हलतो, दोन टोकांमधलं अंतर थोडं बदलतं, चाकाचा कल बदलतो आणि स्टिअरिंगला गाडीचं उत्तर जरा ढिलं येतं. दांडी ही दोन टोकं एकमेकांना बांधून ठेवते.

बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण लावून पिळा, पिळत नाही. झाकण काढून पिळा, लगेच वाकडा होतो. गाडीची बॉडी म्हणजे असाच खोका. त्याला दारांची, काचांची, डिकीची भोकं पाडलेली असतात आणि पुढे इंजिनासाठी मोठा खड्डा. म्हणून छत उघडणाऱ्या गाड्यांना कंपन्या खालून जादा आडवे-तिरके पट्टे घालतात.

ही युक्ती काही इन्स्टाग्रामवर जन्मलेली नाही. १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० मस्टँगला कंपनीकडूनच दोन गोष्टी येत. एक, दोन्ही टॉवर जोडणारी सरळ दांडी, तिला माँटे कार्लो बार म्हणत. दुसरी, टॉवरपासून मागच्या फायरवॉलपर्यंत जाणारी जोड. दुसरी जास्त महत्त्वाची. आमच्याकडे पत्र्याची शेड बांधणारा साधा फॅब्रिकेटरसुद्धा हे सांगेल. नुसते दोन खांब वर आडव्या पाइपने जोडले तर वाऱ्यात दोन्ही एकत्र झुलतात. कैची घातली, तिरका टेकू दिला, की उभं राहतं. त्रिकोण हलत नाही, चौकोन हलतो.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच दांड्या मात्र आडव्याच असतात. त्यातही काहींना दोन्ही टोकांना बिजागरीसारखा बोल्ट असतो, काही इंजिन चुकवायला मध्येच वाकवलेल्या. वाकवलेली दांडी दाबली की आणखी वाकते, स्प्रिंगसारखी. आणि "हाय टेन्साइल स्टील आहे, म्हणून महाग" हे जे सांगतात ना, त्याने ताकद वाढते, म्हणजे तुटायला जास्त जोर लागतो. पण ताठरपणा सगळ्या पोलादांचा जवळजवळ सारखाच. तो वाढतो जाडीने आणि आकाराने. अॅल्युमिनियमचा तर पोलादाच्या साधारण एक तृतीयांश.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी दांडी आठवड्यात बनवून मिळते, आणि विकतच्यापेक्षा बरी मिळते. मी ज्यांच्याकडे गाडी दाखवतो ते मिस्त्री साठीचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे. "आधी टायर बघा, मग बुश बघा, मग शॉक. एवढं करून पैसं उरलं तर दांडी." लोअर आर्मचा बुश फाटलेला असेल तर तिथे जेवढा खेळ असतो, त्यापुढे बॉडीचं हलणं म्हणजे काहीच नाही. मामांकडे येणाऱ्या दांडीवाल्या गाड्यांपैकी बऱ्याच जणांचे टायर गुळगुळीत असतात. दांडी बॉनेट उघडून दाखवता येते, बुश कुणाला दाखवणार?

इथपर्यंत माझा काही आक्षेप नाही. हौस आहे, पैसा त्याचा आहे. चांगल्या टायरवर, चांगल्या सस्पेन्शनवर नीट बनवलेली दांडी घातली तर आंबोलीच्या वळणात फरक जाणवतो, हे मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलंय. बीएमडब्ल्यूची जुनी एम३ कंपनीतूनच अशी दांडी लावून यायची.

मला खटकलं ते पुढचं. अशाच एका पोराचे वडील ओळखीचे. शेती, थोडं उसाचं, थोडी डेअरी. मला म्हणाले, "पत्रकार साहेब, पोरानं गाडीला सेफ्टीचं काम करून घेतलंय. लोखंडी दांडी घातलीया, आता काय धडकलं तरी चेपणार नाही म्हणतोय." गॅरेजवाल्याने त्यांना तसंच सांगून बिल केलेलं.

ताठ म्हणजे सुरक्षित, हा समज आपल्याकडे खोल आहे. जुनी जीप कशी भक्कम, आताचे डबे कसे कचकड्याचे, हे प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. पण गाडी पुढून चेपावी म्हणूनच बनवलेली असते. मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बॅरेनी यांनी ही कल्पना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली आणि १९५९ मध्ये ती रस्त्यावरच्या गाडीत आली. मध्ये माणसं बसतात तो भाग मजबूत, पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपणारा. धडकेचा जोर पत्र्याने खायचा, नाहीतर तो बरगड्या खातात.

आणि गंमत बघा, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण हीच पोलो आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे. त्यात पोलोची बॉडी स्थिर राहिली होती, पार कोलमडली नव्हती. तरीही शून्य, कारण त्या मॉडेलमध्ये एअरबॅग नव्हत्या. दोन एअरबॅग असलेली पोलो तपासली तेव्हा चार तारे मिळाले. फोक्सवॅगनने बिनएअरबॅगची पोलो विकणं त्यानंतर थांबवलं.

म्हणजे बॉडी भक्कम असून आतला माणूस वाचेलच असं नाही. त्याला बेल्टने धरायला लागतं, एअरबॅगने झेलायला लागतं. एअरबॅगचं गणितही बेल्ट लावलेला आहे असं धरूनच केलेलं असतं. दांडी या कशातच येत नाही. उलट एका बाजूचा मार ती दुसऱ्या बाजूच्या टॉवरपर्यंत पोचवू शकते, आणि बाहेरून घातलेली दांडी लावून कंपनीने तुमची गाडी आदळून पाहिलेली नसते.

त्या पोराची गाडी मी पाहिली. दांडी सुबक होती, वेल्डिंग स्वच्छ. आणि आत सीटबेल्टच्या खाचेत एक नुसतं बकल खोचलेलं. बेल्ट लावला नाही की गाडी टुंग-टुंग करते, ते बंद करायला. वर मोटर रेसिंगच्या कंपनीचा लोगो छापलेला! शंभर-दोनशे रुपयांची वस्तू. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना अशी बकलं विकायला मनाई केली, १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. आमच्याकडे ती अजून अॅक्सेसरीजच्या दुकानात काउंटरवर बरणीत असतात, चॉकलेटसारखी.

मी पोराला विचारलं तर म्हणाला, "काका, गावातल्या गावात कुठं लावायचा बेल्ट?" वडिलांना मी बकल दाखवलं आणि ते कशासाठी असतं ते सांगितलं. ते त्यांनी तिथेच उपटून उकिरड्यावर टाकलं. दांडीबद्दल काही बोलले नाहीत, मीही नाही.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. तो गार्ड पायी चालणाऱ्याला मारतो आणि पुढचा भाग नीट चेपू देत नाही. तो किती पुढाऱ्यांच्या गाड्यांना आहे, हे मी इथे लिहीत नाही. चौकात उभं राहून मोजा.

स्ट्रट बारसाठी मात्र आरसी बुकात रकानाच नाही. त्यामुळे एक इन्स्पेक्टर म्हणतो चालेल, दुसरा म्हणतो पावती फाडतो, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर काय म्हणेल त्याचा भरवसा नाही. जर्मनीत बाहेरून बसवायच्या सुट्या भागाला तपासणीचा कागद मिळतो, कोणत्या गाडीला चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे पुण्यात एआरएआय आहे, उद्यमनगरात चांगला वेल्डर आहे. दोघांच्या मध्ये असा कागद नाही. तो असता तर वेल्डरला उजळ माथ्याने धंदा करता आला असता, आणि "काय धडकलं तरी चेपणार नाही" असं बिलाबरोबर विकणाऱ्याला कुणीतरी जाब विचारला असता.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला मी दोन गोष्टी लेखी देणार आहे. सायलेन्सरची मोहीम चालू आहे तिथेच, त्याच नाक्यावर, टायरची नक्षी आणि बकल तपासा. आणि बकल विकणाऱ्या दुकानांवर एकदा जा. अर्ज तयार आहे. सही करायची असेल त्यांनी ऑफिसला यावं, सकाळी अकरानंतर मी असतो.