८८ क्रेडिट आणि बोअरचं पाणी

एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश घेतला, तेव्हा घरात कोणालाच 'विषय किती?' याचं सरळ उत्तर देता येईना. नव्या शैक्षणिक धोरणाने सगळा हिशेब क्रेडिटांत आणला होता. सत्राला २२, वर्षाला ४४, दोन वर्षांत ८८. ४४ वर थांबलं तर पदव्युत्तर पदविका, ८८ झाली की पदवी. आजी म्हणाली, "म्हंजे बाजार समितीतल्या कापसावानी तुमालेबी तोलूनच घेतेत म्हना!"

तोलणं खरंच होतं, पण क्रेडिट सारखी दिसली तरी अंगावर सारखी येत नाहीत. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एकाला ३०. अकोल्याच्या जुन्या शहरातून मोर्णा नदीचा पूल ओलांडून सकाळी कॉलेजला निघायचं आणि संध्याकाळी कपड्यांना अमोनियाचा वास घेऊन परतायचं. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीची ४ क्रेडिट, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची ४. ते प्रशिक्षण मी एमआयडीसीतल्या एका तेल कारखान्याच्या प्रयोगशाळेत केलं. सोयाबीन तेलातली मुक्त आम्लं मोजायची आणि फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग टिकतो का, ते बघायचं. तिथे कळलं की ब्युरेटच्या आकड्यावर टँकर सुटतो किंवा अडतो.

तिसऱ्या आणि चौथ्या सत्रातल्या संशोधन प्रकल्पाला मिळून १० क्रेडिट. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. श्रावणात आमच्या राजराजेश्वराला ज्या पूर्णेचं पाणी कावडीतून येतं, तिच्याच खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा पसरला आहे. वर काळीभोर जमीन आणि खाली खारट पाणी. सोडियममुळे माती फुगते, पाणी मुरत नाही. विहिरी असून ओलीत नाही. आम्ही शहरातले महानच्या धरणाचं पाणी पिणारे. खारं पाणी आम्ही फक्त भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं.

प्रकल्पासाठी या पट्ट्यातल्या गावोगावच्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, चिठ्ठी तिथेच लावायची. दुष्फेनतेसाठी पीएच १० चं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी आणि ईडीटीए. लालसर रंग जाऊन निळा झाला की थांबायचं. ईडीटीएच्या ०.०१ मोलर द्रावणाचा १ मिलिलीटर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने १ मिलिग्रॅम. क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट. पिवळ्यातून विटकरी छटा उमटली की वाचन घ्यायचं. बी.एस्सी.पासून ही अनुमापनं हाताखालून गेली होती. पण तेव्हा बाटलीत काय आहे, ते प्रयोगशाळा सहायकाला ठाऊक असायचं. उत्तर जुळलं की गुण. इथे जुळवायला उत्तरच नव्हतं. म्हणून कोरी चाचणी, पुन्हा वाचन, तिसऱ्यांदा वाचन हे सगळं पहिल्यांदाच मनापासून केलं.

आकडे घेऊन एका गावात परत गेलो. एकूण विद्राव्य क्षार, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची स्वीकार्य मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंतची सवलत, असं समजावू लागलो. बोअरवाल्या आजींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते ठीक हाय बापा. मंग हे पानी नातवाले देऊ का नोको?"

तिथला आकडा २००० च्या पुढचा होता. "पिण्याले नका वापरू आजी, नळ येते तेच भरून ठेवा," एवढंच म्हणालो. "नळ कधी येते, ते तुह्या मशीनीत दिसते का?" त्या म्हणाल्या. पुढे प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी अचूकता, त्रुटी, निर्देशकाची निवड असं बरंच विचारलं. त्याची उत्तरं तयार होती.

प्रबंधाच्या बांधीव प्रती विभागात जमा झाल्या, क्रेडिट खात्यावर चढली. ज्यांच्या बोअरमधून नमुने घेतले, त्यांना निकाल कळवण्याची अट मात्र कुठेच लिहिलेली नव्हती. मी गावागणिक एकेक पान सोप्या मराठीत लिहून ग्रामपंचायतींत दिलं. अभ्यासक्रमात पुढे कधी बदल झालेच, तर त्या पानाला एक क्रेडिट ठेवावं. थिअरीचं नव्हे, प्रात्यक्षिकाचं. तास तेवढेच लागतात.