पाटाच्या वर दगड, खाली जव

खारघरच्या डोंगराखाली, ओवे गावात वाढलेल्या माणसाला हिरवळ फुकट मिळते. जून लागला की भिंतीवर, पत्र्यावर, उभ्या टेम्पोच्या टपावरसुद्धा काहीतरी उगवतं. लेहहून सिंधूच्या काठाने खाली उतरताना मात्र नजर पोचेल तिथवर भुरे, जांभळट, उघडेबोडके डोंगर. मध्येच एक हिरवागार तुकडा, कड सुरीने कापल्यासारखी.

ती कड म्हणजे पाट, इथल्या भाषेत युरा. वरच्या हिमनदीचं पाणी ओढ्यातून वळवून डोंगराच्या अंगाने गावापर्यंत आणलेलं. पाटाच्या खाली जव, वाटाणा, मोहरी. वर एक पाऊल टाकलं की नुसता दगड. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर, वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. आपल्याकडे जुलैत एवढा एका दिवसात पडून जातो.

आषाढात आमची घाई बांध फोडून पाणी बाहेर काढायची. इथे एक बाई फावड्याने मातीचं ढेकूळ उचलून पाटाचं तोंड उघडत होती. दुसऱ्या तोंडात तिने दगड, गवताची ढेप आणि एक जुनं फडकं कोंबलं. पाणी वाफ्याच्या टोकाला पोचेपर्यंत ती तिथून हलली नाही. पाळ्या ठरवायला गावाचा चुरपोन असतो. वाया काहीच जात नाही: पाटाकाठच्या सफेद्याचे, म्हणजे पॉप्लरचे, वासे छपराला, विलोच्या फांद्या त्यावर, कोरड्या संडासातली माती शेताला.

खरी अडचण वेळेची. पेरणी एप्रिल-मेमध्ये आणि वरचं बर्फ नीट वितळतं जूनमध्ये. म्हणून चेवांग नोर्फेल या इंजिनिअरने हिवाळ्यात वाहून जाणारं ओढ्याचं पाणी गावाजवळ, सावलीच्या उतारावर अडवून गोठवलं; ते खालच्या उंचीवर असल्याने लवकर सुटतं. सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप याच हिशेबातले. पाऊस मागावा, तर 2010च्या ऑगस्टमधल्या ढगफुटीने इथली मातीची घरं वाहून नेली.

लेहजवळच्या चांग्स्पात मात्र शेतांत गेस्ट हाउसं उभी राहिलीत, अंगणात बोअरवेल. पनवेल-उरणची भातखाचरं सिडकोने घेतली, ते पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही. इथे मात्र कुणी नोटीस बजावलेली नाही. जवाच्या पोत्यापेक्षा खोलीचं भाडं जास्त येतं, आणि भाडं देणाऱ्यांत मीही होतो.