तपासणी डॉक्टरची

चंद्रपुरात नवा डॉक्टर शोधायला निघालं की आधी लागते पानटपरी. तिथं कोणालाही विचारा, तो स्वतःच्या डॉक्टरखेरीज दुसऱ्याचं नाव घ्यायचा नाही. "हाताला गुण आहे जी त्यांच्या!" एवढं प्रशस्तिपत्र त्याला पुरतं. घरी आलं की भाचा मोबाइलवर तारे मोजून दाखवतो, मेव्हणा नागपूरचं नाव काढतो, शेजारच्या काकू सेवाग्रामचं. आमच्या जुन्या डॉक्टरांनी वयामुळे दवाखाना बंद केल्यावर मीही या वाटेनं फिरलो. पाट्यांवरच्या पदव्या वाचल्या, मेडिकल कौन्सिलचे नोंदणी क्रमांक पाहिले. ते पाहावेतच. पण पाटी वाचून माणूस कळत नाही. तो कसा पारखावा, हे आमच्या पूर्वेकडच्या रानानं फार आधी दाखवून ठेवलंय.

भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहिले. डॉक्टर होते, औषधं होती, पैसे मागणारं कोणी नव्हतं. फक्त रोगी नव्हते. आजार झाला की तिथला माडिया आदिवासी आपल्या पुजाऱ्याकडे जाई. तो ओळखीचा, आपल्या बोलीतला. हे पाहुणे कोण, पावसाळा लागल्यावर टिकतील का? डॉक्टर माडिया बोली शिकले, बंडी आणि अर्ध्या चड्डीत वावरू लागले. मग फेफरं येऊन विस्तवात पडलेला, भाजलेला एक मुलगा बरा झाला. मेंदूच्या हिवतापानं मरणाला टेकलेला एक माणूस उठून बसला. ही बातमी पायवाटांनी गावोगाव गेली. पुढं रानातून माणसं चालत येऊ लागली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली आले. लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं सरळ होती. इमारती मोठ्या, त्यांची भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत, आणि पांढरं तर आम्ही मढ्याला गुंडाळतो. रोग्याला आत घेतात, नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि देव कुठं आहे तुमच्या दवाखान्यात? या उत्तरांतून त्यांच्या शोधग्रामचा दवाखाना उभा राहिला: आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा, नातेवाइकांना सोबत राहू देणारा. नाव मिळालं आदिवासींच्या देवीचं, मा दंतेश्वरीचं.

बाईची अडचण तर आणखी खोल. बंग दांपत्यानं गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे आकडे छापून आले, तेव्हा जगाला धक्का बसला. बायकांना कसला बसणार? पुरुष डॉक्टरपुढे जे सांगता येत नाही, ते त्या वर्षानुवर्षं पोटात ठेवून रोवणीला जात होत्या.

इथं मला थांबावंसं वाटतं. त्या माणसांपुढे चार डॉक्टरांची यादी नव्हती. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाटच बंद व्हायची. कोणता दवाखाना बरा, हा प्रश्न तिथं कोणी विचारायचा? तरीही त्यांच्या हाती एक गोष्ट उरली होती, न जाणं. आपण त्याला अडाणीपणा म्हणालो. खरं तर तो निकाल होता, आणि तो ऐकून घेणारे डॉक्टर भेटले तेव्हा दवाखान्याचा आकार बदलला, कपडे बदलले, बोली बदलली.

आपण शहरातली माणसं यादीतून डॉक्टर निवडतो आणि मग मुकाट्यानं त्याच्या शिस्तीत बसतो. रानातल्या माणसांना निवडायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी समोर होता त्या डॉक्टरलाच बदलायला लावलं. हे कळल्यापासून मी पहिल्या भेटीत दुखणं सांगून झालं की दोन प्रश्न विचारतो: बायकोला शेजारी बसू द्याल का, आणि ही गोळी कशासाठी? डॉक्टर रागावले तर फी देऊन उठतो. शहरात राहण्याचा एवढा फायदा तरी घ्यावा.